बाभळीची राख

आमच्या घराला भिंती नव्हत्या, कूड होते. तुरीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे तुराट्या, उभ्या रोवायच्या, आडव्या कामट्यांना सुताडीने आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपायच्या, झालं घर. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा थर, आणि त्यावर गवत. पावसाळ्यात ते गळायचं, पण त्याची खरी परीक्षा हिवाळ्यात. दिवाळी सरली की लिंपण वाळून भेगा पडायच्या आणि वारा असा आत यायचा, जसं कोणी बाहेर उभं राहून नेम धरून फुंकतंय. माय दर आठवड्याला शेणाचा गोळा घेऊन भेगा बुजवायची आणि वारा दुसरीकडून वाट काढायचा. घरात आम्ही तिघं, माय, बाबा आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन गेली तेव्हा मायने तिसरी वाकळ तिच्यासोबत दिली होती. राहिल्या दोन वाकळी. मी दोघांच्या मधे झोपायची, दोन्ही वाकळींचे काठ माझ्यावर यायचे, म्हणून त्या घरात सगळ्यात सुखी मी. बाबांचा दोन एकरांचा मुरमाड तुकडा आम्हाला अर्धं वर्ष पोसायचा. उरलेलं अर्धं वर्ष माय आणि बाबा दुसऱ्याच्या वावरात. चहा गुळाचा, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची आमटी. त्या आमटीसाठी मी आजही हिवाळ्याची वाट पाहते.

कारंज्याच्या कॉलेजात जाणारी आमच्या वस्तीतली मी पहिली. सातची एसटी असायची. पहाटे शेकोटीजवळ बसून वेणी घालायची, तिथेच भाकर खायची आणि फाट्यापर्यंत चालत जायची. माझ्या केसांना धुराचा वास यायचा. शेजारच्या बाकावरच्या दोन मुली नाकाला रुमाल लावायच्या. पहिले काही महिने मला लाज वाटली. मग मी वेणी पाठीवरून पुढे घेऊन त्यांच्या बाजूला सोडून बसायला लागले, म्हणजे त्यांना नीट येईल. त्यांचे रुमाल लवकरच पर्समधे गेले आणि त्यातली एक पुढे माझी पक्की मैत्रीण झाली. मी सायन्स घेतलं होतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पहिल्यांदा पेटवला तेव्हा सगळ्या मुली दचकून मागे सरकल्या, मी नाही. विस्तव आणि मी जुन्या ओळखीचे, असं मला वाटायचं. तोच माझा गर्व होता आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं घर म्हणजे उभं सरपण आहे हे मायला कोणी सांगावं लागलं नव्हतं. तिचे नियम होते आणि ते तिने कधी बसवून शिकवले नाहीत, नुसती ओरडायची. चुलीमागच्या कुडाला तीन बोटं जाड लिंपण पाहिजे. शेकोटी अंगणाच्या मधोमध, पऱ्हाटीच्या गंजीपासून दहा पावलं. चुलीपुढे बसताना पदर खोचलेला पाहिजे. शेकोटीजवळून जो शेवटी उठेल त्याने माती टाकूनच उठायचं, आणि दाराजवळच्या रांजणातलं पाणी कोणी प्यायचं नाही, ते आगीसाठीच. वस्तीत काडेपेटी जपून वापरायची रीत होती, त्यामुळे सकाळी ज्याची चूल विझलेली असेल तो दुसऱ्याकडे विस्तव मागायला यायचा. माय विस्तव द्यायची, पण गोवरीवर ठेवून न्यायला नाही द्यायची. आमच्या शेजारची अंजनाकाकू यावरून रोज भांडायची. ती मायच्याच वयाची, उंच, कडक, आणि तिची चूल दर सकाळी विझलेली असायची.

“विस्तव मागाले आली का तेल मागाले आली मी, कमळे? झाकनाचा डबा कायले पायजे?”

“गोवरीवरून ठिनगी उडते. माह्या घरापासून तुह्या घरापर्यंत तीन गंज्या हायेत पऱ्हाटीच्या.”

“माह्या सासूनं उभा जलम गोवरीवर नेला विस्तव.”

“तुही सासू नशिबाची होती. जाय, डबा आन.”

आणि काकू बडबडत जायची, डबा घेऊन यायची, आणि जाताना आमच्या चुलीवरचा चहाही पिऊन जायची.

आता वाशीमला माझं विटांचं घर आहे, वर स्लॅब आहे, थंडीत खोलीत हीटर लागतो. सून त्या हीटरवर नातवाचे ओले मोजे वाळत टाकते. मी गुपचूप काढून दोरीवर घालते. ती म्हणते, “आई, तापला की तो आपोआप बंद होतो.” मी म्हणते, “होऊ दे की, मोजे दोरीवरपण वाळतात.” तिला वाटतं सासूला नव्या वस्तूंची भीती आहे. मला वस्तूची भीती नाही. मला माझ्यासारख्या हुशार माणसाची भीती आहे. का, ते सांगते.

मायची वस्तीत ओळख होती ती बी राखणारी म्हणून. तूर घरात नुसती ठेवली की तिला भुंगा लागतो आणि पेरणीपर्यंत दाणा पोकळ होतो. मायच्या हातची तूर पोकळ होत नसे. त्यामुळे आमचं धरून वस्तीतल्या अकरा घरांचं निवडक तुरीचं बी दरवर्षी तिच्याकडे येऊन पडायचं. सगळ्यांची जात एकच, म्हणून सगळं एकाच कणगीत. ही कणगी बांबूच्या कामट्यांची, माझ्या कमरेएवढी उंच आणि पोटाला त्याहून रुंद, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली. बाबांनी ती घरात बसूनच विणली होती आणि विणून झाल्यावर लक्षात आलं की ती दारातून निघत नाही. माय म्हणाली, “बरं झालं, चोरीची भीती गेली.” त्या कणगीत तुरीचा एक थर, राखेचा एक थर, असं करत भरायचं आणि तोंड शेणाने लिंपून टाकायचं ते पेरणीच्या दिवशीच फोडायचं. राख मात्र कशीही चालत नसे. चुलीतली पऱ्हाटीची राख माय जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, घमेल्यात एक दिवस एक रात्र उघड्यावर ठेवायची, आणि सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घालून पाहायची. हात थंड राहिला तरच ती राख तुरीला. आत गेलेलं ते बी म्हणजे अकरा घरांची पुढच्या वर्षीची डाळ होती. वाण्याकडून बी आणायची कोणाची ऐपत नव्हती आणि आणलं तरी ते आमच्या मुरमाड जमिनीत टिकत नसे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, त्या हिवाळ्यात आमच्या बांधावरची जुनी बाभूळ वाऱ्याने पडली. बाबांनी आठ दिवस खपून तिचे ओंडके केले आणि खांद्यावरून घरी आणले. आम्ही जन्मभर पऱ्हाटी जाळणारी माणसं. पऱ्हाटी म्हणजे फड्फड् जाळ, तोंड भाजतं, पाठ गारच, आणि पाच मिनिटांत खेळ संपला. बाभळीचा ओंडका तसा नाही. तो सावकाश पेटतो आणि त्याचा लाल निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत खाली तसाच बसलेला असतो. पहिल्याच सकाळी अर्धी वस्ती आमच्या अंगणात. दोन घरं सोडून राहणारे किसनमामा, वस्तीतलं सगळ्यात म्हातारं माणूस, घोंगडी घेऊन आले आणि जागा धरून बसले ते उठेचनात.

“आजपर्यंत मी शेकोटी पाहात होतो,” ते म्हणाले. “शेकतात कसं, थे आज समजलं.”

“मामा, जरा सरका, बाकीच्यायलेबी शेकू द्या,” बाबा म्हणाले.

“मी म्हातारा मानूस. मले सरकाले दोन दिवस लागतात.”

पंधरा दिवस आमचं अंगण म्हणजे जत्रा होती. कोणी शेंगा आणून निखाऱ्यात टाकायचं, कोणी वांगं भाजून घ्यायचं, अंजनाकाकूने तर विस्तव मागणंच सोडलं, ती चहाचं भांडं घेऊन थेट शेकोटीवरच यायची.

तूर काढून झाली आणि सगळ्यांचं बी आमच्या घरी येऊन पडलं. रविवार होता. माय आणि बाबा कापूस वेचायला निघाले. जाताना माय म्हणाली, “वने, चुलीतली राख गाळून घमेल्यात ठेव. उद्या हात घालून पाहीन, मंग भरू.” मी हो म्हटलं. पण मला तिला चकित करायचं होतं. ती दिवसभर वेचून यायची, कंबर धरून बसायची, आणि मग पुन्हा कणगी भरायची. ते काम मी एकटीने करून ठेवलं तर. चुलीत राख अर्धं घमेलंच निघाली. अंगणातल्या शेकोटीच्या खड्ड्यात मात्र वरची माती सारली की खाली पांढरीशुभ्र, पिठासारखी मऊ राख पडली होती, हवी तेवढी. सकाळपासून शेकोटीला कोणी हात लावला नव्हता. वरून थंडगार होती. मी सायन्सची विद्यार्थिनी. राखेत क्षार असतात, ते किड्याला मानवत नाहीत, हे मला माहीत होतं; ती एक दिवस एक रात्र ठेवावी असं कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मोठे कोळसे मी हाताने वेचून बाजूला टाकले. लहान काळे राहिले, ते राहू दिले. काळा म्हणजे विझलेला. गाळायला फडकं घेतलं, पण फार वेळ लागत होता, ते ठेवून दिलं. दुपारपर्यंत कणगी भरून, तोंड लिंपून, हात धुऊन मी पुस्तक घेऊन बसले होते.

संध्याकाळी मायने पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, मीच या घरची मालकीण.

“एवढं सारं एकटीनं केलं?”

“हो.”

“राख पाह्यली ना हात घालून?”

“पाह्यली,” मी म्हटलं. हात मी घातला होता. वरवर घातला होता.

सोमवारी कॉलेज होतं. चारला एसटी फाट्यावर उतरवून गेली आणि मी वस्तीकडे चालायला लागले तर हवेत भाजलेल्या तुरीचा वास. त्या दिवसांत मागास तुरी अजून हिरव्या असायच्या, त्यांच्या शेंगा विस्तवात भाजून खायच्या, हे आमच्याकडचं थंडीतलं सगळ्यात मोठं सुख. सकाळच्या भाकरीवर होते मी. पाय आपोआप भरभर पडायला लागले. वस्तीत शिरले तर घराघराच्या दारात माणसं उभी आणि एकमेकांकडे संशयाने पाहून राहिलेली. अंजनाकाकू कंबरेवर हात ठेवून अंगणात.

“कोन शेंगा भाजून राह्यलं, सांगून टाका बाप्पा,” ती साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली. “दुपारपासून वास येते अन् कोनी कबूल होत नाई. खा, खा, शेजाऱ्याले नका देऊ.”

“तूच भाजत अशीन आन् वरतून बोंब मारून राह्यली,” किसनमामा शेकोटीपासूनच म्हणाले.

“माही चूल तं सकाळपासून विझेल हे.”

“थे तं रोजचंच.”

मी हसत घरात शिरले. आत वास जास्त होता. चूल विझलेली, घरात कोणी नाही, आणि वास घरातच. मी उभी राहिले. तेवढ्यात मागून माय आली, डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तिने दारातच टाकलं आणि ती सरळ कणगीकडे गेली. तिने तळहात कणगीच्या पोटावर ठेवला आणि लगेच काढला. मग दुसऱ्या बाजूला ठेवला. मग पुन्हा पहिल्या बाजूला.

“वने,” ती हळूच म्हणाली, “राख कोनती घातली?”

खोटं बोलायला जागाच नव्हती. मी सांगितलं. शेकोटीची, गाळली नाही, आतपर्यंत हात घातला नाही. मायने डोळे मिटले आणि उघडले. कणगी ज्या बाजूने तापली होती ती बाजू कुडाला टेकलेली होती. कूड तुराट्यांचा, छप्पर पऱ्हाटीचं, आणि आत अकरा घरांचं बी.

बाबाही येऊन पोचले. बाहेरची माणसं दारात जमली. कोणाला काय झालं ते सांगावं लागलं नाही, वास कशाचा ते सगळ्यांना एकदम समजलं. किसनमामा रांजणाकडे वळले.

“पानी नाई,” माय म्हणाली. “पानी टाकलं का बी गेलं. भिजलेली तूर पेरनीपर्यंत राह्यत नाई.” आणि ती कणगीचं तोंड फोडायला पुढे झाली, आत कुठे किती आहे ते पाहायला.

मी तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी मायचा हात धरून तिला थांबवलं.

“माय, तोंड फोडू नको. आतमधी हवा नाही, म्हणून नुसतं धुमसून राह्यलं. हवा गेली का भडका होईन. आन् घरातच होईन.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हे तुह्या पुस्तकात हाय काय?”

“हाय.”

“काल राख घातली थे कोनत्या पुस्तकातलं होतं?” दारातून अंजनाकाकू म्हणाली. अशा वेळीही तिला राहवत नसे.

 मायने हात मागे घेतला. “पोट्टी म्हंते थे खरं हे. चुलीवर झाकन ठेवलं का जाळ बसते. बंदच नेऊ बाहेर.”

पण कणगी दारातून निघत नव्हती. बाबांनी कणगीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग मागच्या कुडाकडे पाहिलं आणि विळा काढला. “घर उद्या बांधता येते,” म्हणाले. अंजनाकाकूने धावत येऊन कुडावरचे दोन फोटो उतरवले आणि छातीशी धरले, ते सगळं संपेपर्यंत तिने खाली ठेवले नाहीत, एका हाताने सगळी कामं केली. बाबांनी सुताड्या सटासट कापल्या, चार जणांनी कूड बाहेरच्या अंगाला ओढला, आणि शेणामातीचा धुरळा उडवत आमच्या घराची एक बाजू आडवी झाली. मी बारदानं रांजणात बुडवून आणली. ती पिळून आम्ही कणगीच्या तापलेल्या पोटाभोवती गुंडाळली, म्हणजे बाहेरून गार राहील आणि आत पाणी जाणार नाही. हात लावला तर बारदानातून वाफ निघत होती. खाली दोन वासे सरकवले. सहा जणांनी कणगी उचलली, आणि एखाद्या नवरीची डोली निघावी तशी ती पाडलेल्या कुडाच्या जागेतून निघाली. मागे सगळी वस्ती.

वस्तीतल्या बौद्ध विहारापुढचं पटांगण मोकळं आणि सारवलेलं होतं, आजूबाजूला गंजी नाही, गवत नाही. तिथे कणगी उतरवली. मी सगळ्यांना थांबवलं. ओली बारदानं हातात, चिमटे तयार, बादल्या भरलेल्या, आणि मगच फोडायची. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता, प्रयोगशाळेत आमचे सर बोलायचे तसा. बाबांनी थंड बाजूने कामट्या कापल्या आणि तूर घळाघळा बाहेर आली. बायांनी ती हातांनी, सुपांनी, पायांनी पांगवली, पातळ, आणखी पातळ. राखेतून लाल डोळे उघडल्यासारखे निखारे दिसायला लागले, एक इथे, दोन तिथे, हरभऱ्याएवढे, बोराएवढे. ज्याला दिसेल तो चिमट्याने उचलून बादलीत टाकायचा आणि बादली चर्र करायची. शेवटी तापलेल्या बाजूच्या कामट्या उघड्या पडल्या आणि हवा लागताच फक्कन जाळ उठला, पुरुषभर. ज्यांना सरकायला दोन दिवस लागायचे ते किसनमामा कोणाच्याही आधी उडी घेऊन पुढे आले आणि त्यांनी ओलं बारदान त्यावर आपटलं. एकदा, दोनदा. जाळ बसला. कणगीच्या आतल्या अंगाला ताटाएवढा काळा खड्डा पडला होता आणि त्याभोवतीची तूर कोळसा झाली होती. आणखी एक रात्र, आणि ती आग कुडात असती. कुडाला टेकून आम्ही तिघं झोपायचो.

मला वाटलं आता माय बोलेल. ती माझ्याजवळ बसली आणि राखेने भरलेले माझे हात पदराने पुसायला लागली.

“बाभळीची राख दोन दिवस जित्ती राह्यते, हे मलेबी मालूम नव्हतं,” ती म्हणाली. “मालूम कुठून होईन? आपुन कधी बाभूळ जाळलीच नाई.” मग थोड्या वेळाने, “पन हात घालून पाहाले पायजे होता, वने.” तेवढंच. ती ओरडली असती तर मी आतापर्यंत विसरले असते.

आग विझली, पण बी जिवंत आहे की भाजून मेलं, ते कळायला मार्ग नव्हता. वरून सगळे दाणे सारखेच लाल. मायने तुरीचे चार ढीग केले, आगीपासून लांबचा, त्याच्या जवळचा, त्याच्याही जवळचा आणि अगदी काळ्या खड्ड्याशेजारचा. प्रत्येकातले वीस दाणे मोजून ओल्या चिंध्यांत बांधले. कोणती चिंधी कोणत्या ढिगाची हे कळावं म्हणून एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. पण थंडी अशी की घरात दाणा फुगलाच नसता. म्हणून तिने त्या चारही पुरचुंड्या कमरेला, लुगड्याच्या घडीत खोचल्या. अंगाच्या उबेत. पाच दिवस ती त्या कमरेला घेऊनच कापूस वेचत होती, विहिरीवर गेली की थोडं पाणी शिंपडायची, पुन्हा खोचायची. बायका थट्टा करायच्या, “कमळाबाई, कवा फुटनार बाप्पा तुही तूर?” ती म्हणायची, “माहे दिवस भरू द्या.” मी मात्र त्या पाच दिवसांत कॉलेजात काय शिकवलं ते सांगू शकत नाही. घरी यायची ती थेट तिच्या कमरेकडे पाहायची. आणि आमच्या घराला एक बाजू नव्हती. बाबा संध्याकाळी आले की थोडा थोडा कूड उभा करायचे, तोवर तिथे अंजनाकाकूची ताडपत्री. दोन वाकळींत आम्ही तिघं आणि सोबतीला कारंज्याकडून येणारा सगळा वारा. बाबा म्हणायचे, “हवेशीर झालं घर.”

शनिवारी सकाळी मायने सगळ्यांना बोलावलं. एक-एक पुरचुंडी आमच्या शेकोटीजवळ उघडली. चार गाठींची आधी. एकाही दाण्याला मोड नव्हता, दाणे कुजकट झाले होते.  तीन गाठींच्या विसातले नऊ. मग दोन गाठींची. मायने चिंधी उलगडली आणि मी मोजायला लागले. पांढरे, नखाएवढे मोड. अठरा. एका गाठीच्या चिंधीत एकोणीस.

“विसावा कोठी गेला?” अंजनाकाकूने विचारलं.

“झोपला अशीन,” बाबा म्हणाले. “तुह्यासारखा.”

एक आणि दोन गाठींचे ढीग मोठे होते, बाकीचे दोन लहान. माय म्हणाली, चांगलं बी दहा घरांना पूर्ण जाईल, मेलेलं ते आमच्या वाटणीचं, चूक आमच्या घरची आहे. किसनमामांनी मान हलवली.

“तसं नाई जमनार, कमळा. राख कोनाच्या शेकोटीची होती? पंधरा दिवस आमी साऱ्यायनं शेकलं. माहं तं अर्धं म्हातारपन त्या राखीत हे. कमी पडलं थे साऱ्यायले कमी.”

आणि तसंच झालं. अकराही घरांचं बी थोडं थोडं कमी झालं, कोणाचंच संपलं नाही. उरलेले दोन ढीग बायांनी सात पाण्यांनी धुतले आणि त्याच दुपारी मोठ्या पातेल्यात शिजवून त्याच्या घुगऱ्या केल्या, वर कांदा, तिखट, मीठ. धुराचा वास काही गेला नव्हता. सगळी वस्ती उन्हात बसून खात होती आणि कोणी ना कोणी माझ्याकडे पाहून म्हणत होतं, “मॅडम, राख जरा कमी पडली.” तेव्हापासून किसनमामा मला मॅडमच म्हणायचे. पुढे मी खरोखर शाळेत शिकवायला लागले तेव्हा ते सगळ्यांना सांगायचे, हे नाव मी ठेवलं.

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी वस्तीतल्या प्रत्येक घरी जायची. कोणाची राख कुठे टाकली आहे ते पाहायची. गंजीजवळ असेल तर उचलायला लावायची. राखेच्या आत विस्तव का जगतो ते समजावून सांगायची: राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवा थोडीच आत येऊ देते, म्हणून निखारा ना विझतो ना लवकर संपतो.

“हे तुले आधीपासून मालूम होतं?” किसनमामांनी विचारलं.

“पुस्तकात होतं, मामा.”

“मंग पुस्तक घरी आनत जाय ना.”

अंजनाकाकूलाही मी सोडलं नाही. ती म्हणायची, आधी मायचा जाच होता, आता लेकीचा. पण लाकडाची राख लोखंडी घमेल्यात, घरापासून लांब, दोन दिवस उघडी, आणि उचलण्याआधी कोपरापर्यंत हात, हे वस्तीत ठरून गेलं. शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं मुलांना ज्वलन शिकवलं. धड्यात मेणबत्ती आणि काचेचं भांडं असायचं. मी मुलांना आधी राखेचं घमेलं दाखवायची.

पेरणीचे दिवस आले तेव्हा बाकीच्या दहाही घरांची माणसं टोपल्या घेऊन आमच्या दारात आली. मायने प्रत्येकाला सारखं बी मोजून दिलं. आठवडाभरात मी बांधाबांधाने फिरून पाहिलं, अकराही वावरांत तूर उगवली होती, ओळ धरून, ओळीत कुठे फारशी तुटाळ, म्हणजे न उगवलेली रिकामी जागा, नव्हती. त्याच महिन्यात माझा निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली आणि वस्तीतली पहिली पदवीधर मी आहे, आणि आमच्या वस्तीतलं एकही घर त्यानंतर जळालं नाही.